शिमोनाच्या गच्चीवर

सुभाषनगरात पहिल्यांदा गेलो
तेव्हा रुमाल खिशातच ठेवायचा, असं ठरवून गेलो होतो.
ठरवावं लागलं, हे आधी लिहून ठेवतो.

मार्थाक्का कवडेंच्या दारात
शिवलेलं कातडं टांगलेलं, पखालीसारखं टम्म,
आत बाभळीच्या सालीचं पाणी,
खाली घमेल्यात थेंब थेंब, तांबडं.
"या पाळक. नाक धरलासा तरी चालतंय,
आमच्या जावयानं बी धरलंतं."

मंडळीत तीन महिन्यांपूर्वी ठराव झाला:
प्रभुभोजनाचा एकच प्याला बंद.
प्रत्येकाला वेगळा, बोटाएवढा, काचेचा.
कारण लिहिलं, आरोग्य.
मांडणाऱ्याच्या आज्याला याच शहरात
विहिरीवरून हाकललं होतं एकदा;
ते तो दर नाताळात रडून सांगतो.
वाईट माणूस नाही. सही माझी आहे.

आक्का शेवटच्या बाकावर बसतात.
त्या आल्या की कुणीतरी खिडकी उघडतं.

"ते समुद्राकाठच्या घराचं वाचा."
मी वाचलं. यापो गाव, शिमोन चांभाराचं घर,
तिथं पाहुणा उतरलेला पेत्र.
"चांभार न्हवं," आक्कांनी थांबवलं.
"कातडं कमवायचा न्हवं त्यो? मग ढोर.
मराठीत आणताना तुमी लोकांनी
एक पायरी वर चढवून ठेवलासा त्याला.
आमचा तेवढा एकच माणूस हुता आत."

ग्रीक शब्द मी सेमिनरीत घोकला होता.
त्याला वास नव्हता.

"जेवला का पेत्र तिथं?"
लिहिलेलं नाही, म्हणालो.
"लिवायला कशाला पायजे? इतकं दिस ऱ्हायला,
म्हंजे काय उपाशी ऱ्हायला?"
कोपऱ्यात त्यांचा नातू इम्मानुएल
चपलेची वादी वळत बसला होता,
मान वर न करता म्हणाला,
"योहान म्हणतोय, वादी सोडायची बी माझी लायकी न्हाई.
वळली कुणी, ते इचारतंय का कोण?"
"गप रं," आक्का म्हणाल्या, पण हसल्या.

मग चादरीचं काढलं त्यांनी.
आकाशातून चार कोपऱ्यांनी खाली सोडलेली,
जनावरांनी भरलेली,
भर दुपारी, भुकेल्या पोटी दिसलेली.
"तुमी दर येळी म्हणता, दर्शन, दर्शन.
पाळक, ढोराच्या गच्चीवर काय असतंय?
चारी कोपरं ताणून वाळत घातलेलं कातडं.
देवानं नवीन काय आणलं न्हाई.
हुतं तेच हलवलं."

माझ्या कपाटात या अध्यायावर
अकराशे पानांचं भाष्य आहे.
त्यात कुणी गच्चीवर चढलेलं नाही.

भाकरी आली, खर्डा आला,
पितळीत काल रातचं कालवण.
हात ताटाकडे जायला वेळ लागला.
फार नाही. आक्कांनी मोजला तो वेळ,
आणि मीठ वाढलं.

निघताना, का कोण जाणे,
मी त्या घमेल्यात हात बुडवला, मनगटापर्यंत.
कोमट होतं. इम्मानुएल म्हणाला,
"चार दिस जायचा न्हाई ह्यो रंग."

शनिवारी रात्री साबण लावला.
हेही लिहून ठेवतो.

रविवारी भाकर मोडली तेव्हा नखं तांबूस होती.
ठराव मी मोडला नाही, तेवढी छाती नव्हती;
बेचाळीस काचा ट्रेमध्ये ओळीनं,
एकमेकींना लागून किणकिणत.
पण भाकर हातानंच मोडायची असते,
आणि हाताला साल, चुना, हिरडा,
कुणाच्यातरी बैलाची पाठ.
पहिल्या बाकावर एक नाक हललं.
तिघांनी मागे पाहिलं, आक्कांच्या जागेकडे.
आक्का त्या रविवारी आल्याच नव्हत्या.

सवयीनं कुणीतरी उठून खिडकी उघडली.

वारा सुभाषनगरकडून होता.