चौदा नंबर

नळाला पाणी पाच दिवसांआड,
मॅच मात्र दर शनिवारी.
तेव्हा हंगामाचं गणित मला असं मांडावं लागलं :
दोन सेट जर्सी, एक हौद,
आणि पहाटे साडेतीनला दार वाजवणारा
चावी सोडणारा मल्लिनाथ,
ज्याला पाण्याआधी निकाल सांगावा लागायचा.

क्लबचं नाव धोटा.
मालकांचे टॉवेलचे चोवीस लूम अक्कलकोट रोडला.
त्यांना वाटलं, चेंडूही तसाच, इकडून तिकडे, तिकडून इकडे,
शेवटी काहीतरी विणून निघेलच.
नोव्हेंबरात पोरींच्या हातात शिक्क्याचे करार पडले.
तरन्नुम बागवाननं तीनदा वाचला,
मग हळूच विचारलं,
"पगार म्हणजे... दर महिन्याला?"

मला खेळ कळतो तो डागांवरून.
मांडीवर हिरवा, म्हणजे बाहेरगावची मॅच, तिथं गवत असतं.
आपल्या गिरणीमागच्या मैदानाचा डाग करडा,
दोनदा घासला तरी शिवणीत राहतो.
गोलकीपरच्या कोपराचं रक्त गार पाण्यानं काढायचं.
गरम पाण्यानं रक्त कायमचं बसतं,
हे मला फुटबॉलनं नाही,
चार बाळंतपणांनी शिकवलंय.

गुमल्याहून आलेली सलोमी किंडो, नऊ नंबर.
पहिल्या दिवशी तिनं कडक भाकरी
टेबलावर आपटून वाजवून बघितली.
गड्ड्याच्या जत्रेत मोठ्या पाळण्यात बसून
ती किंचाळली तिच्या कुडुखमध्ये,
आम्ही तेलुगूत, कन्नडमध्ये, मराठीत.
खाली उतरल्यावर सगळ्यांचं भाषांतर झालेलं होतं.
पुढच्या तीन मॅचमध्ये पाच गोल.
मल्लिनाथनं त्या आठवड्यात
चावी पंधरा मिनिटं जास्त सोडली.

मग टॉवेलची ऑर्डर कुठंतरी बंदरात अडकली.
फेब्रुवारीचा पगार टॉवेलमध्ये आला,
प्रत्येकीला दीड डझन.
कॅप्टन गुरुदेवी बिराजदार हसली नाही, भांडलीही नाही.
मोजून घेतले, एक भोक पडलेला बदलून घेतला,
पावती मागितली.
शनिवारी हरलो.
त्याच्या पुढच्या शनिवारी हरलो.
मार्चचं मी सांगत नाही.

शेवटची मॅच एप्रिलात, घरच्या मैदानावर,
दुपारी साडेचार, बेचाळीस डिग्री.
जिंकलं तर वरच्या गटात राहणार, नाहीतर खाली.
बेंचवर श्रीलता गड्डम, विडी घरकुलची, चौदा नंबर.
तिची जर्सी हंगामभर मी धुतलीच नाही म्हणा,
नुसती खळबळायची,
इतरांबरोबर दोरीवर असावी म्हणून.

एकोणऐंशीव्या मिनिटाला गुरुदेवीच्या पोटरीत गोळे आले.
श्रीलता आत गेली.
अकरा मिनिटं.
तिची आई विड्या वळते ना, मान वर न करता,
पुढचं पान, पुढचं पान,
तशी ती बॉल अडवत राहिली.
एकदा तर तोंडानं अडवला.
सलोमीचा हेडर दांड्याला लागला
तो आवाज मला अजून तांब्या पडला तरी ऐकू येतो.
एक-एक.
बरोबरी पुरणार नव्हती.
शिट्टी झाली तशा सगळ्या आडव्या पडल्या.
ती उभीच,
कुणीतरी अजून बॉल देईल म्हणून.

त्या दिवशी चौदा नंबरला पहिल्यांदा साबण लागला असता.
पण ती धुवायला टाकलीच नाही तिनं.

मे महिन्यात हुकूम आला, सगळं सामान जमा करा.
सलोमी गेली, एक चादर, शेंगाचटणी,
आणि अठरा टॉवेल घेऊन.
मॅनेजर वही घेऊन बसले :
जाळ्या, झेंडे, शिट्ट्या,
बावीसपैकी एकवीस जर्सी.
"चौदा नंबर कुठाय?"

मी कालच बघितली होती ती विडी घरकुलात.
पाचव्या दिवसाच्या पाण्यात धुतलेली,
उलटी करून, सावलीत घातलेली,
नंबर उन्हानं विटू नये म्हणून,
अगदी मी शिकवलं होतं तशी.

लिहा साहेब, म्हटलं,
धुताना फाटली.