कोंडा

रविवारच्या वर्गात मी फळ्यावर मिसर देश काढला.
म्हणजे एक त्रिकोण, एक नदी
आणि चाबूक धरलेला मुकादम.
चाबूक मला जमत नाही, गाईच्या शेपटीसारखा होतो.
पोरं हसली.
मी सांगत होते : राजानं हुकूम काढला,
उद्यापासून पेंढा मिळणार नाही, तुमचा तुम्ही हुडका,
विटा मात्र रोजच्याएवढ्याच पाडा.

मागून बिसाहू उठला.
"कोंडा नाही टाकला त वीट तडकते, मॅडम.
राजाले कोणी सांगतलं नाही काय?"

एकतीस वर्षं मी हा धडा शिकवते आहे
कामठीच्या या पत्र्याच्या देवळात.
गुलामांचं काय झालं, सगळे विचारतात.
विटांचं काय झालं
हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

मग त्यानंच शिकवलं.
माती, खापरखेड्याची राख, धानाचा कोंडा,
पाणी बेतानं.
ओल्या विटा कुशीवर वळवायला पोरं लागतात,
मोठ्यांच्या पायाखाली त्या दबतात.
तो नऊ वर्षांचा. पुढच्या सालापर्यंत चालेल, म्हणाला,
मग वजन वाढेल.

बिसाहू म्हणजे विकत घेतलेला.
आधीची दोन गेली, म्हणून आईनं याला
शेजारणीला मूठभर कोंड्यात विकला, परत घेतला,
की मरणाला वाटावं हे आपलं नाही.
तो हे हसत सांगायचा.
बापाची उचल मात्र खरी होती.
वहीत होती. दर हंगामाला
फेडून फेडून वाढत होती.

मे महिन्यातल्या एका रात्री ती पाच माणसं निघाली.
समुद्र वगैरे दुभंगला नाही.
कन्हान त्या दिवसांत तशीही दुभंगलेलीच असते,
मधे वाळू, कडेला दोन डबकी,
घोट्याएवढ्या पाण्यात रेतीवाल्यांच्या ट्रॅक्टरची चाकोरी.
पलीकडे स्टेशन, पहाटेची गोंदियाची गाडी.
दिवसा धुराचा खांब आणि रात्री विस्तवाचा
त्यांच्यासाठीही होता :
कोराडीची धुराडी, वर लाल दिवे.
फक्त तो त्यांच्या पाठीशी होता
आणि त्यांना त्याच्यापासून लांब जायचं होतं.
परातीत मळलेली कणीक तशीच राहिली,
हे मला मागाहून कळलं.

सोमवारी मुकादम बोधराम आला.
दारात चपला काढल्या. पाणी प्यायला.
"पोरगं काल तुमच्याकडं आलं होतं का?"
आलं होतं. माझ्या पर्समधले सातशे रुपये
त्याच्या चड्डीच्या नाडीत मीच बांधले होते.
म्हटलं, नाही हो. त्याला गोवर आलाय म्हणे.

त्या देशातल्या दोन सुइणीही
राजाच्या तोंडावर खोटं बोलल्या होत्या
आणि देवानं त्यांचं बरं केलं, असं लिहिलंय.
तेवढा भाग मी पोरांना शिकवत नाही.

सुटका झाली का? माहीत नाही.
सुटलेल्यांनाही पुढं रानात
मिसरातल्या काकड्या आठवत होत्या, कांदे आठवत होते.
बिसाहूचा बाप आता दुसऱ्या कुठल्या भट्टीवर
दुसऱ्या वहीत असेल.
किंवा नसेल. पत्र येईल असं
त्या घरात कोणी लिहिणारं नव्हतं.

एवढंच सांगायचं राहिलं :
देवळाच्या कुंपणाची भिंत
त्याच भट्टीच्या विटांची आहे.
हजारामागं दोनशे कमी लावले त्यांनी,
देवाचं काम म्हणून.
मी खूश झाले होते. पावतीवर सही माझी आहे.
फळ्यावर मी रोज कुणाला काढत होते?

गेटाजवळ, खालून चौथ्या थरात,
एका विटेवर चार बोटं उमटलीत, लहान.
त्याची असतील असं नाही.
गवंडी विचारतोय, प्लास्टर कधी करायचं.
पुढच्या आठवड्यात, म्हणते मी.
पावसाळा तोंडावर आलाय,
आणि तो पुन्हा विचारतो.