ऑक्स

स्केनेक्टडीत एका गॅरेज सेलला चाळीस डॉलरला घेतला हा रिसीव्हर,
कोवाल्चिकबाईंच्या नवऱ्याचा,
जात्याइतका जड, तोंड चंदेरी, अंगाला अक्रोडाचं लाकूड.
बाई म्हणाल्या, तापला की वास येईल, घाबरू नका,
धूळ जळते, बाकी काही नाही.

पाठीला भोकांच्या जोड्या, एक लाल, एक पांढरं,
प्रत्येक जोडीला नाव: फोनो, ट्यूनर, टेप.
शेवटची ऑक्स.
म्हणजे जे अजून जन्मलंच नाही त्याच्यासाठी
जपानातल्या कुणा इंजिनिअरने राखून ठेवलेली जागा.
पुढे काय येणार, त्याला काय ठाऊक.
तरी ठेवली.
मी या गावात आलो तेव्हा मलाही
अशाच कुठल्यातरी भोकात लावून घेतलं होतं.

तिथे आता मृण्मयीचा जुना प्लेअर वाजतो.
टूसॉनला जाताना म्हणाली, बाबा, तुम्हालाच ठेवा,
आत तुमचीच गाणी भरलीत.
आधी लांब वायर होती, गालिच्याखालून.
कुमुद दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा पडायच्या आत
मी हे बिनतारी प्रकरण आणलं:
एक तबकडी रिसीव्हरपाशी बसते,
दुसरी प्लेअरच्या बुडाला चिकटून माझ्या हातात,
दोघींची ओळख पटली की हिरवा दिवा,
तोवर नुसत्या लुकलुकतात.
पहिल्या दिवशी वीस मिनिटं लुकलुकल्या.
आमचा बघण्याचा कार्यक्रम याहून लवकर आटोपला होता.

आज सकाळपासून मात्र बोलणं बंद.
तिच्या भावाचा फोन आला होता, मी उचलला,
निरोप द्यायचा राहिला. तीन दिवस राहिला.
त्या डब्याचं कान लावून ऐकता,
माझ्या माणसांचं नाही, म्हणाली,
आणि पोह्यांची बशी जरा जोरातच ठेवली.

बाहेर फूटभर बर्फ. मी फावडं घेतलं.
ड्राइव्हवे अर्धा झाला तेव्हा कळलं,
प्लेअर कोटाच्या खिशातच राहिलाय.
दिवा हिरवा.
विटा ओलांडून, दुहेरी काच ओलांडून
अजून धरून होता.

हातमोजा दातांनी ओढला, अंगठ्याने चाक फिरवलं,
आणि जिथे मी नव्हतो त्या खोलीत
एक गाणं लावलं.
मला ऐकू येईना. नुसतं नाव दिसत होतं
आणि सरकणारी रेघ.
रेघेकडे बघत अंदाजाने समेवर येत राहिलो,
दर समेला एक फावडं.

खिडकीचा पडदा हलला. काचेवर टकटक.
म्हणजे हे नको.
दुसरं लावलं.
टकटक, जरा चिडून.
तिसरं लावताना चाक पुढे गेलं, मागे आणलं,
बोटं बधिर झालेली,
लागलं ते भलतंच, एका बाईचं, जुनं, संथ,
मी कधी मुद्दाम लावत नाही असलं.
टकटक नाही.

फावडं हलकं झालं असं म्हणणार नाही,
कंबर ती कंबरच.

आणि मध्येच दिवा लाल.
रेघ पुढे चाललेली,
पण पलीकडे काही पोचत नव्हतं.
बॅटरी? थंडी? की कळ दाबून बंदच केला तिने?
फावड्यावर रेलून उभा राहिलो.
समोरून बर्फाची गाडी आली, मीठ टाकत गेली,
ड्रायव्हरने हात केला, मीही केला.

मग आठवलं.
आमच्या घरात हा धागा एकाच गोष्टीने तुटतो:
ओट्यावरचा मायक्रोवेव्ह.
तो लागला की आलाप मधोमध कापला जातो,
आणि मी बैठकीतून ओरडतो,
थांब ना दोन मिनिटं, चहा कुठे पळून जातोय?

एका कपाला साठ सेकंद.
दोन कपांना नव्वद.

मोजायला लागलो,
प्रत्येक आकड्यागणिक तोंडातून वाफ.
अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ.
लाल.
एकसष्ट.
बासष्ट.