प्रश्न सत्तेचाळिसावा

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात आल्मुट शब्द गोळा करत फिरली.
मागच्या सीटवर टेपरेकॉर्डर, चाळीस कोऱ्या फिती,
आणि प्रश्नावली. त्यात सत्तेचाळिसावा:
ज्याच्याशी तुमचं जमतं, त्याला काय म्हणता?

गेल्सेनकिर्शेनला ग्योट्झ खोकून म्हणाला, ‘कुंपेल.
जमिनीखाली आठशे मीटरवर
ज्याच्यासोबत पाव मोडला, तो.’
शब्दाच्या पोटातही लॅटिन पाव आहे,
हे त्याला ठाऊक नव्हतं.
त्या पावाला लागलेली कोळशाची चव ठाऊक होती.

फोगल्सबेर्गच्या म्हातारीनं बोटं मोजली :
‘माझी फ्रॉइंडशाफ्ट? एकोणतीस जण.’
चुलत्याचा जावई, जावयाची मावशी.
तिकडे मैत्री म्हणजे सोयरीकच.
आणि रोज लाकडं फोडून देणारा शेजारी?
‘तो? तो नुसता व्हेंडेलिन.’

झुरिचची पोरगी लाजली.
जिवलगालाही ती ‘कोलेग’च म्हणते;
‘फ्रुंड’ म्हटलं की
आई लग्नाची तारीख विचारते.

व्हिएन्नात एका निवृत्त ट्रामवाल्यानं
मांडीवर थाप मारली, ‘हाबेरर!
अस्सल इथला शब्द, शंभर टक्के.’
आल्मुटला माहीत होतं,
हा हिब्रूतल्या ‘खावेर’चा नातू.
ज्या गल्ल्यांनी तो आणला
त्या एका वर्षी रिकाम्या केल्या गेल्या.
शब्दाला कुणी न्यायला आलं नाही.
तिनं टेप थांबवला नाही.
फितीवर पुढे नुसता
कपात फिरणारा चमचा आहे, बराच वेळ.

रात्री खानावळीत तिनं मूळ उतरवलं :
‘फ्रिओन्द’, म्हणजे प्रेम करत असलेला.
क्रियापदच, अजून चालू.
त्याच मुळाला दूर पूर्वेकडे ‘प्रिय’ फुटला,
जो आपण पत्राच्या माथ्यावर
न बघताच लिहितो.

सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ.
एकबेर्ट, चालक, तिच्या बाजूची काच
आधी खरवडत होता, सात आठवडे तसाच.
तिनं माइक पुढे केला. सत्तेचाळीस.
त्यानं थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली,
तिला दिली, खूप विचार केला.
‘आमच्याकडे नावानंच हाक मारतात.’

पुढचा प्रश्न, अठ्ठेचाळीस :
बटाट्याला काय म्हणता?
त्यानं तीन शब्द सांगितले, लगेच.