दोन अंश

फहाहीलला आमच्या घरी
उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ सोडला की चटका बसायचा,
म्हणून आई गिझर बंद ठेवायची
आणि गिझरचं पाणी आम्ही गार म्हणून वापरायचो.
मला यात काहीच उलटं वाटत नसे.
सहावीत होते.

सुट्टीचा अभ्यास : रोज दुपारी बारा वाजता
पारा बघा, वहीत मांडा.
जे दिसेल तेच लिहायचं, लीलाम्मा टीचरनी बजावलं होतं.
तापमापक बाल्कनीत सुतळीनं टांगलेला, सावलीत.

समोर बिल्डिंग चढत होती, बाबांच्याच कंपनीची.
तिसऱ्या मजल्यावर सळ्या वाकवणारा पोशट्टी, देगलूरचा,
त्या अख्ख्या साइटवर मराठी बोलणारा एकटाच.
"किती झालं गं बाई आज?"
मी बोटांनी दाखवायची. चार, मग आठ.
तो हेल्मेट काढून सलाम ठोकायचा.

पन्नास झालं की काम बंद,
हे मला बाबांनीच सांगितलेलं.
बाबा टाइमकीपर. हजेरीचं जाड रजिस्टर रात्री घरी आणत,
खुबूस-डाळीच्या ताटाशेजारी उघडत.
पेन्सिलीनं लिहीत.
पेन्सिलीनंच का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

बावीस जुलै. पारा एक्कावन्नावर.
मी साइटच्या ऑफिसात फोन लावला :
"बाबा, सुट्टी!"
पलीकडे आधी नुसता एसीचा आवाज.
मग म्हणाले, रेडिओवर एकोणपन्नास सांगितलंय.
तुझं ते यंत्र स्वस्तातलं आहे.
आणि हे बघ, कुणाला सांगत बसू नकोस.

बाल्कनीत आले.
पोशट्टीनं विचारलं, नेहमीसारखं.
मी चार बोटं दाखवली,
मग नऊ.
त्यानं सलाम केला आणि सळ्यांकडे वळला.

ॲम्ब्युलन्स चारला आली, घाई नसल्यासारखी.
सिमेंटच्या पोत्यांशी त्याचं हेल्मेट उपडं पडलेलं.
आईनं पडदा ओढला
आणि मला लसूण सोलायला बसवलं.

रात्री बाबा जेवले नाहीत.
म्हणाले, तुझं खोडरबर दे जरा.
माझं गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचं,
हुंगायचं म्हणून जपून ठेवलेलं.
सहा ते चारमधला चार त्यांनी पुसला,
अकरा लिहिले.
फुंकर मारली. चुरा खुबूसवर पडला.
खोडरबर परत देताना
माझ्याकडे बघितलं नाही.

मी वही काढली.
एक्कावन्न जाता जाईना,
तेव्हा मी फार दाबून लिहायची.

सप्टेंबरात टीचरनी त्या पानावर तारा काढला,
खाली शेरा : नीटनेटकं.
पान उजेडात धरलं असतं
तर जुना आकडा दिसला असता त्यांना.

आता मोबाईलवर तापमान बघते
आणि मनातल्या मनात दोन मिळवते.
जानेवारीतसुद्धा.