तीन न्याहाऱ्या

बुखाच्या अलीकडे, डोंगराने रस्त्याला
समुद्रात ढकलायचं तेवढं बाकी ठेवलंय,
तिथे मोझाबाईंचं घर. दोन खोल्या भाड्याने,
रात्रीचे अठरा रियाल, न्याहारी धरून.
पाटी नाही. पंपावरच्या पोराने खूण सांगितली:
निळं दार, दारात पालथी होडी, होडीखाली मांजर.

मी फिरायला आलो नव्हतो.
रास अल खैमातली नोकरी सुटली, दुसरी लागली,
आणि दोन्हींच्या मध्ये व्हिसा अडकला,
घशात काटा अडकावा तसा.
एजंट म्हणाला, हद्द ओलांडून बसा एक रात्र.
एकीच्या तीन झाल्या.

मोझाबाईंनी वही पुढे केली.
त्यांना वाचता येत नाही, पण वही उलटी धरली
तर लगेच सुलटी करून देतात.
माझ्याआधी कुणी जर्मन जोडपं,
त्याआधी एका पोराने काढलेला मासा.
येण्याचं कारण, असा एक रकाना होता.
मी लिहिलं: कागदपत्रं.

पहिल्या सकाळी ताटलीत गोड शेवया,
वेलची, केशर, आणि वर
अंड्याची पोळी पांघरलेली.
माझ्या आईने ताटाला हात जोडले असते
आणि उठली असती.
मी आधी अंडं खाल्लं, मग शेवया,
मध्ये पाण्याचा घोट, सोवळं पाळल्यासारखा.
नाकावरच्या ताठ, निळसर मुखवट्याआडून
त्या बघत होत्या. हिंदीत म्हणाल्या,
"अलग नहीं. एकसाथ."

दुपारी करण्यासारखं काही नव्हतं.
पलंगावर कुशीला वळलो आणि फरशी दिसली.
चाळीस बाय चाळीस, वाळूचा रंग,
कोपऱ्यात मीठ सांडल्यासारखे ठिपके.
ओळखली.
अकरा वर्षं पट्ट्यासमोर उभा राहून
हीच तर वाजवत होतो बोटाच्या पेराने:
टण्, पुढे. टप्, बाजूला.
गुडघ्यांवर बसून शोधायला लागलो.
एकीला केसाएवढी चीर, एक कडेला दबलेली,
एक नुसतीच रंगात चुकलेली.
मीच काढलेला दुसऱ्या प्रतीचा माल,
निम्म्या भावात गेलेला.
एकोणिसावर मोजणं थांबवलं.
पलंगाखालची एक वाजवून पाहिली.
टप्.
घट्ट बसली होती मात्र.

दुसऱ्या सकाळी सगळं एकदम खाल्लं.
गोड आणि खारट तोंडात भांडले,
मग थकून एका घरात राहिले.
एजंटचा फोन: उद्या. नक्की. बहुतेक.
रात्री समोर बोटींचे दिवे, इराणकडे निघालेले,
एकेक करून विझल्यासारखे लांब जाणारे.

तिसऱ्या सकाळी गच्चीवर वाढलं होतं.
त्यांचा गुडघा जिन्यात कुरकुरला म्हणून
मीच किटली घेऊन पुढे निघालो, दोन-दोन पायऱ्या.
मागून आवाज आला:
"हळू. हळू."

थांबलो. चहा बोटांवर सांडला.
कुठून आणलात हा शब्द?
पुणे, म्हणाल्या, आणि गुडघ्यावर थाप मारली.
चाळीस दिवस, इस्पितळासमोर भाड्याची खोली.
पांढऱ्या कोटातली एक मुलगी यायची,
पाय वाकवायची, वाकवताना हे म्हणायची.
अर्थ कधी विचारला नाही. त्यांना वाटतं,
दुखायला लागलं की म्हणायचं असतं,
देवाचं नाव असेल तुमच्याकडच्या.

मी अर्थ सांगितला नाही.
उरलेल्या पायऱ्या आम्ही दोघं
तेच नाव घेत चढलो.

अकराला फोन आला, झालं म्हणून.
त्यांनी शेवया चंदेरी कागदात बांधून दिल्या,
तिसऱ्या रात्रीचे पैसे मोजले,
त्यातले तीन रियाल परत केले, का ते कळलं नाही.
वहीत निघतानाची सही राहिली.

नाक्यावर रांग होती. सवयीने
बुटाच्या टाचेने फरशी वाजवली.
टण्. पहिल्या प्रतीची.
काचेमागच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला,
मग पुडक्याकडे पाहिलं, नाक किंचित वर केलं.
"बलालीत," तो म्हणाला. शिक्का हातातच होता.
"कुणाच्या घरची?"
मी वळून डोंगराकडे बोट केलं.