मोडकांच्या टाकीचा आराखडा

विजेच्या बिलाच्या पाठीवर
पेन्सिलीनं एक चौकोन : ही टाकी.
पंचाहत्तर गॅलन, मोडक धरून.
वर आडवी रेघ : हा पाईप.
पाईपच्या पोटाला चीर, आठ इंच लांब,
रुंदी वहीच्या पुठ्ठ्याएवढी.
चिरेतून पाण्याचा पडदा उतरेल
खाली टांगलेल्या जाळीवरून,
आणि त्या जाळीवर (आता नीट ऐक, शर्वरी)
आपण शेवाळ लावायचं.

"आहे ते कमी आहे का?"

आहे ते काचेवर आहे, हीटरवर आहे,
मोडकांच्या पाठीवर सत्काराच्या शालीसारखं आहे.
हाकलून ते जात नाही.
तीन वर्षं दर रविवारी घासतोय,
बादल्या ओततोय, कंबर धरून तळघराचा जिना चढतोय.
त्याला बसायला बरी जागा द्यायची,
कडेला, भरपूर उजेड, वाहतं पाणी,
मग ते बाकी घर सोडून तिथंच मुक्काम ठोकतं.
आठवड्यातून एकदा जाळी काढून खरवडायची,
बुडखे मात्र ठेवायचे.

"आपल्याला व्हिसा देतात तसंच की."

असं काही नाही, म्हटलं,
आणि आठाचे दहा इंच केले.

जाळी तिच्याच खणातली,
कडक प्लॅस्टिकची. टोलेडोतल्या पहिल्या हिवाळ्यात,
तिला नोकरीची परवानगी नव्हती तेव्हा,
त्यावर ती लोकरीनं विणत बसायची.
अर्धवट राहिलेला कोंबडा तिनं उसवून दिला.
लोकर गुंडाळून परत ठेवली.

शेजारच्या ग्लेनची करवत आणली,
दोन्ही बाजूंनी जाळी ओरबाडली
फणसासारखी काटेरी होईपर्यंत.
लाल दिवा रोज अठरा तास. चाचणीला लावला
तर ग्लेनला खिडकीतून दिसला;
कुंपणावरून हळूच विचारतो, काय पिकवतोस?
शेवाळ.
तो बराच वेळ बघत राहिला.
ऑगस्टमध्ये इथं ईरी तळं हिरवं होतं,
लोक नळाचं पाणी हुंगून पितात,
आणि हा माणूस घरात लावतो.

सगळ्यात अवघड हिशेब मोडकांचा.
जुन्या ऑफिसातल्या मोडकांवरून हे नाव :
फाईल दिसली की मान आत.
खाणं दिसलं की मात्र वेगळे मोडक.
जाळी तोंडाला लागली तर एका दुपारीत फस्त,
म्हणून टाकीच्या वर डबा, डब्याला झाकण, झाकणावर वीट.
वीट बिलावर मावेना.
बाण काढून समासात लिहिली.

कासवी म्हणे नुसत्या नजरेनं पिल्लं पोसते.
आमच्या देवळातलं दगडी कासव
पाठीवर हळद आणि लोकांचे हात घेऊन
वर्षानुवर्षं बसलेलं, पाणी बदलायची कटकट नाही.
मोडक रोज सतरा दाणे खातात
आणि त्यांचं नायट्रेट करतात.
नजरेनं भागत नाही,
तरी रोज रात्री स्टूल ओढून मी बसतोच.

साडेअकरा. पंप अजून खोक्यात.
आठ की दहा, ते पुन्हा खोडलंय.
मोडक वर आले, हिरव्या काचेला नाक लावलं,
कागद निरखला.
आराखडा माझ्याकडे होता,
त्यांच्या बाजूला बिल.
मान आत.